दंड कोणाचा? — अपराधपीडिताच्या भरपाईचा आपल्याकडील इतिहास

कांहीं वर्षांमागें एका जिल्ह्याच्या न्यायालयांत साक्षीसाठीं जाण्याचा प्रसंग आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर बाजाराच्या दिवशीं कुऱ्हाडीचा वार होऊन त्याचा उजवा हात कायमचा निकामी झाला होता, आणि त्या वेळीं मी जवळच उभा होतों. अपराध शाबीत झाला; आरोपीस सक्तमजुरीची शिक्षा झाली व वर दंडही झाला. निकाल ऐकून बाहेर आल्यावर त्या विद्यार्थ्याच्या आईनें मला विचारलें, “गुरुजी, हा दंड कोणाला मिळायचा?” “सरकारजमा होईल,” असें मीं सांगितलें. त्यावर ती म्हणाली, “हात तर माझ्या पोराचा गेला!”

तिच्या बोलण्यांत रागापेक्षां आश्चर्य अधिक होतें. खटला दीर्घकाळ चालला. त्यांत सरकारी वकील होते, आरोपीचे वकील होते, पंच होते. ज्याचा हात गेला तो मात्र इतर साक्षीदारांसारखा एक साक्षीदार होता. वार कोणी केला हें त्याला विचारण्यांत आलें; तुझें पुढें कसें चालणार, तुला काय पाहिजे, हें विचारण्याचें कोणाचेंही काम नव्हतें. शिक्षा झालेल्या मनुष्यानेंही त्याच्याकडे पाहून एक शब्द उच्चारला नाहीं, व तसें करावयास त्याला कोणी सांगितलेंही नाहीं. कोणाचीही कर्तव्यांत कसूर झाली नव्हती. कार्यपद्धतीच तशी होती.

त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर देणें इतिहासाच्या अभ्यासकाचेंही काम आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. अलीकडे ज्यास ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ किंवा पुनःस्थापक न्याय म्हणतात, त्याचा इत्यर्थ असा कीं, अपराधानें जें मोडलें तें शक्य तितकें पुन्हां जोडणें हें न्यायाचें मुख्य कार्य होय. त्यासाठीं पीडितास बोलावयास मिळावें, अपराध्यानें आपल्या कृत्याचें उत्तर पीडितास द्यावें, आणि झालेली हानि भरून निघावी. हा विचार परदेशांतून नवा आला असें कित्येक समजतात. आमच्या पंचायतींत तो पूर्वींपासून सिद्धच होता असें दुसरे कित्येक सांगतात. दोन्ही मतें अर्धवट आहेत. आपल्याकडे पीडिताची भरपाई होती, पण ती सर्वांस सारखी खुली नव्हती. पुढें न्यायाचें दार सर्वांस खुलें झालें, तेव्हां आंतून भरपाईच बरीचशी नाहींशी झाली. या दोन अर्ध्यांची सांगड घालणें हेंच आजचें कार्य आहे, आणि तें दाखविणें हा या लेखाचा उद्देश आहे.

१. धर्मशास्त्राची व्यवस्था

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळूं. याज्ञवल्क्यानें व्यवहारपदाची जी व्याख्या केली आहे तिचा कर्ता राजा नाहीं. स्मृति व आचार यांना सोडून इतरांनीं ज्याला पीडा दिली, असा मनुष्य राजास जें निवेदन करतो तें व्यवहाराचें पद, असा तिचा आशय आहे. राजानें किंवा राजपुरुषानें आपण होऊन वाद उत्पन्न करूं नये, असें मनूनेंही बजाविलें आहे. चोरी, साहस, दंडपारुष्य, वाक्पारुष्य यांची गणना मनूनें ऋणादान व सीमाविवाद यांच्याच पंक्तींत, अठरा पदांत, केली आहे. राजानें स्वतः हातीं घ्यावयाच्या अपराधांची निराळी व्यवस्था होती, हें खरें. तथापि मारहाण व चोरी हीं सामान्यतः दोन पक्षांमधील वादच समजलीं जात, आणि त्या वादांत पीडित हा एक पक्ष असे.

या मांडणीमुळें दंड आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या. दंड राजाचा, हानीची पूर्ति पीडिताची. शरीरास जखम करणाऱ्यानें दंडाखेरीज जखमीच्या उपचाराचा खर्चही सोसावा, असें मनु आणि याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. या खर्चास ‘समुत्थानव्यय’ अशी संज्ञा आहे. समुत्थान म्हणजे पुन्हां उठून उभें राहणें. पीडित मनुष्य पुन्हां आपल्या कामास लागेपर्यंतचा खर्च ज्यानें त्याला पाडलें त्याच्याकडून घ्यावा, हा विचार त्या एका शब्दांत आला आहे. विष्णुस्मृतींतही हा नियम आहे.

चोरीच्या बाबतींत शास्त्रकार आणखी पुढें गेले. चोरांनीं नेलेला माल राजानें मिळवून ज्याचा त्यास परत करावा. मिळवितां न आल्यास आपल्या कोशांतून द्यावा, असें गौतमानें सांगितलें. मालकास द्यावयाचें तें राजानें स्वतः ठेविल्यास चोराचें पाप त्याला लागतें, असा मनु व याज्ञवल्क्य यांचा अभिप्राय आहे. यामागचा विचार सरळ आहे. राजा प्रजेकडून कर घेतो तो रक्षणाचें वेतन म्हणून. रक्षण झालें नाहीं तर वेतन घेणाऱ्यानें हानि भरून द्यावी. अपराधी सांपडला नाहीं किंवा दरिद्री निघाला तर पीडितानें काय करावें, या आजही कठिण वाटणाऱ्या प्रश्नाचें हें उत्तर आहे.

जबाबदारीची वांटणीही याज्ञवल्क्यानें करून दिली आहे. गांवांत घात किंवा चोरी झाली आणि चोराचें पाऊल गांवाबाहेर गेल्याचें दिसलें नाहीं, तर दोष गांवच्या अधिकाऱ्याचा. गांवाच्या शिवेंत झालेल्या चोरीची भरपाई त्या गांवानें किंवा पाऊल जेथें जाईल त्या गांवानें द्यावी. शिवेपासून कोसाबाहेर घडल्यास पांच किंवा दहा गांवांनीं मिळून द्यावी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही वाटेंत लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्यांसंबंधानें याच धर्तीची योजना आहे: गांवांत हानि झाल्यास ग्रामस्वामीनें, दोन गांवांच्या मध्यें झाल्यास कुरणाच्या अध्यक्षानें ती भरून द्यावी. या नियमांची ‘मिताक्षरा’ टीका चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत कल्याणी येथें, म्हणजे हल्लींच्या कर्नाटकांतील बसवकल्याणास, विज्ञानेश्वरानें लिहिली. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें सतराव्या शतकांत ‘व्यवहारमयूख’ रचला. हे दोन ग्रंथ आपल्या प्रांतांत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. यास्तव वरील नियम येथील शास्त्र्यांच्या नित्य परिचयाचे होते असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथवर वाचून पूर्वजांविषयीं अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु याच शास्त्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें हें संशोधकास शोभणारें नव्हे. मनुष्यवधाच्या भरपाईस धर्मसूत्रांत ‘वैरयातन’ किंवा ‘वैरनिर्यातन’ म्हणजे वैराची फेड असें म्हटलें आहे. ऋग्वेदांत ‘वैरदेय’ हा शब्द आढळतो, त्यावरून ही कल्पना फार जुनी दिसते. आपस्तंबानें तिचे दर दिले आहेत: क्षत्रियाचा वध केल्यास १००० गाई, वैश्याचा केल्यास १००, शूद्राचा केल्यास १०, शिवाय प्रत्येक वेळीं एक बैल. गाई राजास द्याव्या असें बौधायन म्हणतो. आपस्तंबाच्या सूत्रांत त्या कोणास द्याव्या हें सांगितलेलें नाहीं, आणि मयताच्या घरच्यांस कांहीं मिळण्याची निश्चिति त्यामुळें राहत नाहीं. दंडपारुष्याच्या प्रकरणांतही मारणारा व मार खाणारा यांचे वर्ण पाहून दंड कमी-अधिक होतो. म्हणजे भरपाईचें तत्त्व होतें, पण कोणाच्या जिवाची किंमत किती हें जन्मावरून ठरत असे. १०००, १०० आणि १० हे आंकडे आपण मुलांना समुत्थानव्ययाबरोबरच शिकविले पाहिजेत.

२. मराठी राज्यांतील व्यवहार

शास्त्रांतून व्यवहारांत आलें कीं आपणांस गोतसभा भेटते. तिचे महजर आणि निवाडपत्रें शेंकड्यांनीं प्रसिद्ध झालीं आहेत, व या त्रैमासिकासारख्या पृष्ठांच्या वाचकांस तीं अपरिचित नाहींत. गांवचे पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार व शेजारच्या गांवचे वतनदार जमत. पाटलाचा नांगर व इतर मंडळींचीं आपापल्या धंद्याचीं हत्यारें हीं चिन्हें त्यांच्या सहीच्या जागीं उमटत. वादास आरंभ होण्यापूर्वीं दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत, म्हणजे सभा ठरवील तें आम्हांस मान्य आहे असें लिहून घेत, जामीन घेत, मग तकरीरा, साक्षी, पुरशीस होऊन निवाडा होई. ‘पाचामुखीं परमेश्वर’ ही म्हण या सभेच्या अधिकाराचें मर्म सांगते.

या पद्धतींतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयास महत्त्वाच्या आहेत. पहिली राजीनामा. वादास जे दोघे सामोरे आले त्यांच्या संमतीवांचून सभेचा निवाडा टिकाऊ होत नसे. दुसरी गोष्ट येजितखत. जो हरला त्यानें ‘माझें म्हणणें खोटें ठरलें, यापुढें या बाबतींत तुझ्याशीं कटकट करणार नाहीं’ अशा आशयाचा कागद जिंकणाऱ्यास स्वतः लिहून द्यावयाचा. येजितखतें मुख्यतः वतनाच्या वादांतील आहेत, हें विसरतां कामा नये. तथापि निवाडा सभेनें देऊन पुरत नाहीं, हरलेल्यानें तो आपल्या तोंडानें ज्याचा त्याला सांगितला पाहिजे, ही जाणीव त्यांतून स्पष्ट दिसते. ज्या दोघांना उद्यां एकाच विहिरीवर पाणी भरावयाचें होतें त्यांच्या दृष्टीनें या कागदाचें मोल मोठें होतें.

चोरीच्या भरपाईविषयीं तर आपणांस एका परकीयाची साक्ष उपलब्ध आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर दक्षिणेचा कमिशनर म्हणून काम केलेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ च्या आक्टोबरांत जिंकलेल्या मुलखाविषयीं आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यांत गांवच्या राखणदाराच्या कर्तव्यांचें वर्णन आहे. चोरी झाली कीं राखणदारानें पावलांचा माग काढावयाचा. तो शेजारच्या गांवच्या शिवेंत पोंचविला कीं जबाबदारी त्या गांवावर जाई. माग लागला नाहीं तर राखणदारानें ऐपतीप्रमाणें चोरीची भरपाई करावयाची आणि उरलेली सर्व गांवानें. कल्याणीस बसून विज्ञानेश्वरानें ज्या वचनांवर भाष्य केलें तेंच हें, सातशें वर्षांनंतर रामोशी-महारांच्या पायांखालीं जिवंत असलेलें. मधल्या काळांत तें अखंड चालत आलें कीं गरजेनें पुन्हां निर्माण झालें, या वादांत मी येथें शिरत नाहीं. परंतु शास्त्र आणि व्यवहार यांचें इतकें जवळचें साम्य क्वचित् आढळतें.

एल्फिन्स्टननें या पद्धतीची भलावण केली नाहीं, आणि त्याचा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. चोरी थांबविणें गांवाच्या हातीं नसेल आणि भरपाईचें सामर्थ्यही नसेल, तर त्याच्यावर बोजा टाकणें उघड अन्यायाचें आहे, असें तो म्हणतो. पूर्ण भरपाईचा आग्रह कांहीं प्रसंगींच धरला जाई, एरवीं कांहीं दंड घेऊन भागत असे, असेंही त्यानें नमूद केलें आहे. आणि तरीही अशी जबाबदारी आवश्यक होती. कारण राखणदार पुष्कळदां स्वतःच चोर असे, आणि चोरांना आसरा देऊन त्यांच्या लुटींत वांटा घेण्याकडे पाटलाचा कल असे, हेंही तो लिहितो. तेव्हां पीडिताच्या हातीं प्रत्यक्षांत किती पडत असेल याचा अंदाज वाचकांनींच करावा.

३. गोताबाहेरचे

गोतसभा ही गोताची सभा होती, हें तिचें बळ आणि हीच तिची उणीव. ज्याला वतन, भाऊबंद आणि शेजारीं मान होता, त्याचें म्हणणें सभा ऐकत असे. कारण तो दुखावलेला राहिला तर गांव दुखावलेला राहत असे. ज्याला यांपैकीं कांहीं नव्हतें, त्याचें दुःख गांवास बोचत नसे. बलुतेदार या नात्यानें महाराची निशाणी महजरावर उमटे. पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांनीं पाटलाविरुद्ध फिर्याद घेऊन त्याच सभेपुढें उभें राहणें ही गोष्ट कशी होती, हें सांगावयास दफ्तराची जरूर नाहीं. स्त्रिया वादी-प्रतिवादी म्हणून कागदांत येतात; सभासद म्हणून त्या क्वचितच आढळतील. व्यभिचाराच्या आरोपावरून स्त्रियांना कुणबिणी करून ठेविल्याचीं उदाहरणें पेशवे दफ्तरांत आहेत. अशा स्त्रीवर बळजोरी झाली असेल तर तिची भरपाई कोणी ठरवावयाची होती? तिला अपराधी ठरविण्यासाठीं सभा होती. पीडित ठरविण्यासाठीं सभा नव्हती.

शिवाय सरकारचा वांटा होताच. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी दिवाणांत जमा होई. न्याय मिळाल्याचा आनंद आणि न मिळाल्याचें दुःख या दोहोंवर सरकारचा हक्क चाले. खुनासारख्या अपराधांतही, विशेष क्रूरपणा नसेल तर देहांत शिक्षेऐवजीं दंडावर भागविण्याची चाल एल्फिन्स्टननें नोंदविली आहे. आणि जेथें दंडावर भागतें तेथें श्रीमंत मनुष्य लवकर सुटतो, हें उघड आहे. सलोखा झाला असें कागद सांगतो. तो दोन समबळ पक्षांत झाला, कीं दुर्बळास गप्प बसवून झाला, हें कागदावरून कळत नाहीं.

हा दोष इतिहासजमा झाला असें समजूं नये. जातपंचायतींनीं अत्याचाराच्या प्रकरणांत तक्रार करणाऱ्या कुटुंबासच वाळींत टाकावें, दंड भरावयास लावावें, आणि त्यालाच ‘मिटवामिटवी’ म्हणावें, असे प्रकार महाराष्ट्रांत आपल्या काळांतही घडले. म्हणूनच सामाजिक बहिष्कारास गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ मध्यें करावा लागला व तो २०१७ पासून अंमलांत आला. पंचायतीचें गुणगान करणारांनीं हा कायदा कां करावा लागला याचा विचार केला पाहिजे.

४. सरकार फिर्यादी झालें

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यासाठीं १८२७ सालीं कायद्यांची संहिता झाली; पुढें १८६० चें भारतीय दंडविधान १८६२ च्या आरंभापासून लागू झालें. या विधानांतील एक गोष्ट नम्रपणें मान्य केली पाहिजे. मयत कोण होता व मारणारा कोण होता, यावर तेथें खुनाची शिक्षा अवलंबून नाहीं. आपस्तंबाचे १०००, १०० व १० हे आंकडे त्या दिवशीं कायद्याच्या पुस्तकांतून पुसले गेले. परके राज्यकर्ते स्वजातीयांस निराळ्या सवलती देत होते, हें खरें. तरीही आमच्या आपापसांतील भेद तेथें कायद्यानें मानला नाहीं.

परंतु त्याच घडामोडींत दुसरी गोष्ट झाली. अपराध हा राजाविरुद्धचा अपराध ठरला. सरकार फिर्यादी झालें, आणि खरा फिर्यादी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत गेला. दंड सरकारजमा होऊं लागला. १८९८ च्या फौजदारी व्यवहारसंहितेच्या ५४५ व्या कलमानें वसूल झालेल्या दंडांतून पीडितास कांहीं रक्कम देण्याची मुभा न्यायाधीशास दिली होती. पण दंडच झाला नाहीं, किंवा झाला तो किरकोळ असला, तर द्यावयाचें कशांतून? कांहीं लहान अपराध पीडिताच्या संमतीनें आपसांत मिटवितां येत. जुन्या व्यवस्थेचा तेवढा अवशेष राहिला. एका जर्जर न्यायपद्धतीची दुरुस्ती करतांना भिंत सरळ झाली, पण ज्याच्यासाठीं घर बांधलें तो ओट्यावरच राहिला. नॉर्वेचे अपराधशास्त्रज्ञ निल्स ख्रिस्ती यांनीं १९७७ सालीं आपल्या एका गाजलेल्या निबंधांत हेंच दाखविलें कीं, भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते व ती वकिलांनीं आणि राज्यानें त्यांच्यापासून काढून घेतली आहे.

५. दार उघडण्याचे प्रयत्न

स्वातंत्र्यानंतर हें दार हळूहळू उघडत गेलें. १९७३ च्या फौजदारी व्यवहारसंहितेच्या ३५७ व्या कलमानें दंड नसतांनाही अपराध्यास भरपाई द्यावयास लावण्याचा अधिकार न्यायालयास दिला. अधिकार होता, वापर क्वचित् होई. तो सढळपणें वापरावा असें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं हरिसिंग यांच्या प्रकरणांत सांगितलें, आणि २०१३ सालीं अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणांत असें ठरविलें कीं, प्रत्येक फौजदारी खटल्यांत भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणें हें न्यायालयाचें कर्तव्यच आहे. द्यावी कीं न द्यावी याचीं कारणें त्यानें नमूद केलीं पाहिजेत.

दरम्यान २००८ च्या दुरुस्ति-कायद्यानें, जो २००९ च्या अखेरीस अंमलांत आला, तीन गोष्टी झाल्या. ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या प्रथमच संहितेंत आली. आरोपी सुटल्यास किंवा भरपाई अपुरी वाटल्यास अपिलाचा हक्क पीडितास मिळाला. आणि ३५७-अ या कलमान्वयें प्रत्येक राज्यानें भरपाईची योजना करावी असें ठरलें. हें कलम वाचतांना मला गौतमाचें सूत्र आठवलें. अपराधी सुटला, किंवा सांपडलाच नाहीं, तरी राज्याच्या निधीतून पीडितास द्यावें, असें तें म्हणतें. कोशांतून द्यावें, हेंच तें. याच विचारानें २०१३ सालीं महाराष्ट्रांत बलात्कार व अम्लहल्ला यांतील पीडितांसाठीं ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली आणि २०१४ सालीं राज्याची सर्वसाधारण भरपाई योजना निघाली. त्याच २०१३ सालच्या फौजदारी दुरुस्तीनें अशा पीडितांवर विनामूल्य उपचार करण्याचें बंधन सरकारी व खाजगी रुग्णालयांवर आलें. समुत्थानव्ययाचा भार असा प्रथम समाजानें उचलला.

यांतील सर्वांत अर्थपूर्ण पाऊल माझ्या मतें निराळेंच आहे. १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनीं अनुसूचित जातिजमातींच्या पीडितांस टप्प्याटप्प्यानें साहाय्य देण्याची योजना केली. त्यांतील कांहीं भाग निकालाची वाट न पाहतां मिळतो. २०१५ च्या दुरुस्तीनें त्या कायद्यांत पीडित व साक्षीदार यांच्या हक्कांचें स्वतंत्र प्रकरणच घातलें. आपस्तंबाच्या कोष्टकांत ज्यांचा दर सर्वांत कमी होता, किंवा ज्यांना त्या कोष्टकांत स्थानच नव्हतें, त्यांच्याच हक्कांचें हें प्रकरण आहे. इतिहासानें केलेल्या अन्यायाची दुरुस्ती इतक्या स्पष्ट शब्दांत कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच सांपडते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ३९५ व ३९६ या कलमांत भरपाईच्या तरतुदी आहेत. तपास कोठवर आला हें पोलिसांनीं ९० दिवसांत पीडितास कळवावें, आणि पीडिताचें म्हणणें ऐकल्याखेरीज सरकारास खटला काढून घेऊं देऊं नये, असेही नियम तिच्यांत आहेत. ज्याला आजवर निकाल दुसऱ्याकडून कळत असे, त्याला विचारण्याची ही सुरुवात होय.

६. पैशापलीकडे

एवढें झाल्यावर पुनःस्थापक न्याय पूर्ण झाला काय? मला तसें वाटत नाहीं. वरील सर्व तरतुदींचा गाभा अर्ज आणि रक्कम हा आहे. रक्कम अत्यंत जरुरीची आहे. तिला कमी लेखणें हें भरल्या पोटाचें तत्त्वज्ञान होईल. परंतु येजितखतांत जें होतें, म्हणजे अपराध्यानें पीडितास स्वतः दिलेलें उत्तर, त्याला आपल्या कायद्यांत अजून सुनिश्चित जागा नाहीं. २००६ पासून अंमलांत आलेल्या कबुलीच्या तडजोडींत पीडितास बोलावून भरपाई ठरविण्याची सोय आहे. तिचें क्षेत्र मर्यादित आहे.

या बाबतींत इतर देशांनीं काय केलें तें पाहण्याजोगें आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतांतील एल्मायरा या गांवीं १९७४ सालीं दोन तरुणांनीं एका रात्रींत बावीस ठिकाणीं नासधूस केली होती. न्यायाधीशानें त्यांना घरोघर पाठविलें. त्यांनीं पीडितांस भेटून नुकसान विचारलें व तें भरून दिलें. न्यूझीलंडनें १९८९ सालीं बालकांविषयींच्या कायद्यांत कुटुंबसभेची पद्धत घातली. तेथील मावरी लोकांच्या परंपरेंत कुटुंबानें व गोतानें एकत्र बसून दोष सुधारावयाचा, ही रीत होती. राज्यानें तिला कायद्याचें रूप दिलें. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेनें २००२ सालीं अशा पद्धतींचीं मूलतत्त्वें मान्य केलीं. त्यांत मुख्य हें आहे कीं, दोन्ही पक्षांची संमति मोकळी असावी, ती केव्हांही परत घेतां यावी, आणि पक्षांच्या बळांतील विषमता लक्षांत घेतली जावी. आमच्या गोतसभेंत संमतीचा कागद होता. ती संमति मोकळी आहे कीं नाहीं हें पाहणारा कोणी नव्हता. फरक आहे तो इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

तेव्हां आपल्याकडे अशी पद्धत वाढवावयाची असल्यास इतिहासानें घालून दिलेल्या तीन कसोट्या तिला लावाव्या. पहिली, सभेंत कोणाला येतां येतें? वकील देण्याची ऐपत नसलेल्या, जिल्ह्याच्या गांवीं जाण्याचें भाडेंही नसलेल्या पीडितास तिचा पत्ता कोण सांगणार? जिल्हा विधिसेवा प्राधिकरणें आहेत, पण त्यांचें नांव कित्येक पीडितांनीं ऐकलेलेंच नसतें. दुसरी, सभेंत कोणाला नाहीं म्हणतां येतें? ‘मला त्याचें तोंड पाहावयाचें नाहीं’ असें म्हणणाऱ्या स्त्रीस तो हक्क असलाच पाहिजे, आणि तिच्या नकारामुळें तिची भरपाई कमी होतां कामा नये. तिसरी, अपराधी दरिद्री असेल तर कोण देतो? येथें गौतमाचा कोश हेंच उत्तर आहे. गांवच्या राखणदारास नागवून पीडितास देण्याची पद्धत आपण एकदां करून पाहिली आहे.

पहिल्या कसोटीस गोतसभा उतरली नाहीं, दुसरीस जातपंचायत उतरत नाहीं, आणि तिसरीस केवळ अपराध्याकडून वसुली करूं पाहणारा कोणताही कायदा उतरणार नाहीं. या तिन्हींस उतरेल अशी पद्धत नव्यानेंच बांधावी लागेल. तिचें सामान मात्र आपल्या घरांत आहे: समुत्थानव्यय, कोशांतून भरपाई, राजीनामा, येजितखत. जुन्या वाड्याचें सागवान नव्या घरास वापरतांना शहाणा सुतार आधीं कीड लागलेला भाग तासून काढतो. आपणही तेंच करावयाचें आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईस पुढें मीं भरपाईच्या योजनेचा अर्ज लिहून दिला. तिला अशी योजना आहे हें ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर निकालाच्या दिवसापर्यंत मलाही ठाऊक नव्हतें. चाळीस वर्षें मीं मुलांना याज्ञवल्क्यस्मृति शिकविली, आणि समुत्थानव्यय या शब्दाचा समास सोडवून दाखविला. तो खर्च आज कोणाकडे मागावयाचा असतो हें एकालाही सांगितलें नाहीं. अर्जावर सही करण्यासाठीं त्या मुलानें लेखणी डाव्या हातीं धरली. अक्षर वांकडें आलें, म्हणून तो ओशाळला. चांगलें आलें आहे, असें मीं सांगितलें.